उष्टी सुई

पळसटोला, ता. सिंदेवाही
१२ मे २०२५, सोमवार

सौ. कमळाबाईले,

गिरजाचा नमस्कार. इस्तारीभाऊजीले नमस्कार सांगजो, प्रफुलले आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, पण मी आज खोटं लिहिणार नाई. इथी खुशाल कोणी नाई. माही मयुरी तेवढी बरी आहे. दवाखान्यातून आल्यापासून हिंडते-फिरते, दोन घास जास्त खाते.

तू माहा नंबर ब्लॉक केला. प्रफुलच्या फोनवर लावला तर तो म्हणते, "मावशी, आई शेतात गेली," आन् मागून तुह्या खोकलण्याचा आवाज मले साफ ऐकू येते. म्हणून कागद घेतला. झिंगूभाऊची जीप उद्या ब्रह्मपुरीले जाते, त्याच्या हाती देते. कागद तर ब्लॉक करता येत नाई न?

बाई, तू माही सख्खी बहीण आहे का दुश्मन आहे, ते एकदा सांगून टाक. काल नागभीडच्या लग्नात मांडवात बाया जमवून तू काय सांगितलं? गिरजानं सुया टोचून अख्ख्या गावच्या कोंबड्या मारल्या! वरून म्हणाली, "माह्या दारात लसवाली आली तर चप्पल काढीन." मले चार जणींनी येऊन सांगितलं, चारही जणींनी मीठ-मिरची लावून सांगितलं. दोन वर्षांआधी मी पशुसखी झाली तेव्हा तूच नातेवाइकांत मिरवत होती न का माही बहीण कोंबड्यांची नर्स आहे? आता नर्सची मारेकरीण केली. शाबास.

काय झालं ते आता माह्या तोंडून ऐक.

४ तारखेले, रविवारी, मी आमच्या वस्तीत, खालच्या टोल्यात, लस लावली. तेंदूपत्त्याचा सीझन आहे, बाया पहाटेच जंगलात निघतात, म्हणून त्याच्या आधी, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या अगोदर घरोघरी गेली. लसीची शिशी एकदा फोडली का दोन तासांत संपवावी लागते, नाई तर ते पाणीच. म्हणून अख्खा टोला एका दमात घ्यावा लागते. मी एकटी, हातात बर्फाचा डबा, खाली वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. कोणी "चहा घे" तरी म्हटलं काय? नाई. उलट, "गिरजे, आमची कोंबडी लंगडी केली तर पाहून घेऊ."

शेजारची सोमारीबाई तर खुराड्यासमोर आडवी बसली होती. नवरा मेल्यापासून तिले त्या कोंबड्याच लेकरासारख्या. "माह्या पाखराले सुई नको लावू," हेच एक धरून बसली. मी हात धरून तिले उठवलं. म्हटलं, "बाई, जबाबदारी माही." सतरा पाखरं होती. सगळ्याले लावली.

गुरुवारी तिची पहिली कोंबडी मेली. मान पाठीकडे वळली, हिरवं पाणी हगली, पाय ताणले. मानमोडी, दुसरं काही नाई. डॉक्टर साहेब त्यालेच राणीखेत म्हणतात. रविवारपर्यंत तिचं खुराडं रिकामं आन् टोल्यातली निम्मी खुराडी रिकामी. माह्या कोंबड्याले मात्र काहीच झालं नाई, कारण त्याले मी फेब्रुवारीतच लस लावली होती, टोल्यात लावायच्या आधी हात बसावा म्हणून. आता लोक काय म्हणतात? "आपल्या वाचवल्या, आमच्या मारल्या."

शनिवारी डॉक्टर साहेब आले. त्यांनी सगळं पाहिलं, विचारलं, "गावात कोणी बाहेरून पक्षी आणला काय?" मी सांगितलं, नाई साहेब, कोणीच नाई. ते म्हणाले का लसीची ताकद अंगात यायले आठ-दहा दिवस लागतात, रोग त्याच्या आधीच आत शिरलेला होता. म्हणजे लस खोटी नव्हती. माहा हातही खोटा नव्हता. मंग रोग आला कुठून? पहिली कोंबडी मेली सोमारीची. तिच्या खुराड्यात गुडघाभर घाण राहते. मी लोकाले तेच सांगितलं का रोग तिच्याच घरून निघाला असेल.

आता लोक त्याचं भलतंच करून राह्यले. कोणी म्हणते तिची नजर, कोणी म्हणते तिनं काहीतरी केलं. परवा ती तलावावर मासे धरायले गेली तर बायांनी आपापल्या टोपल्या उचलल्या आन् दुसऱ्या काठाले गेल्या. मी तरी काय करू? लोकाचं तोंड मी धरू काय?

आन् हे सारं कोणाच्या एका शब्दावरून सुरू झालं, सांग? तुह्याच. मयुरी दवाखान्यात होती, सिकलसेलनं तिचे हातपाय आखडले होते, तेव्हा मी बोलली होती का पोरगी पायानं चालत घरी आली तर मातामायले लाल कोंबडा देईन. तो कोंबडा तू आणला, तुहे उपकार आहेत. पण जीपमधून उतरल्या उतरल्या तू काय म्हणाली? "याले सुई लावू नको. एका कोंबडीच्या अंगातून निघाली का सुई उष्टी होते, तेच सुई दुसऱ्याले लावते तर तोही उष्टा झाला. उष्टं मायले चढत नाई." मी तुहं ऐकलं. घरोघरी "एकही पाखरू सुटलं नाई पाहिजे" म्हणून बोंबलत फिरणारी मी, आपल्या घरचा कोंबडा डालग्याखाली झाकून ठेवला. रस्त्यानं जाणाऱ्या एकीनं तुहं बोलणं ऐकलं, तिनं गावभर केलं. आता जिच्या-तिच्या तोंडी एकच, उष्टी सुई, उष्टी सुई. गावच्या कोंबड्या उष्ट्या केल्या म्हणून माय कोपली म्हणे.

येत्या रविवारी गावसभा आहे. लस कायमची बंद करायची का नाई, ते ठरणार. वरच्या टोल्यात अजून रोग गेला नाई आन् लसही लागली नाई. बंद केली तर तिथल्या एकूण एक कोंबड्या जातील. तुह्या गावात पुढच्या हप्त्यात लस येऊन राह्यली, ते मले माहीत आहे. तू आपल्या कोंबड्याले लस लावून घे आन् चार बायाले सांग का मी मांडवात बोलली ते चुकीचं होतं. एवढं तरी कर.

तुह्यावर भयंकर रागावलेली,
गिरजा


१४ मे

चि. गिरजाले आशीर्वाद.

शाळा सोडल्यापासून माहा हात कागदाले लागला नाई. आधी प्रफुलले लिहायले बसवलं होतं, पण तो माह्या शिव्या गाळून लिहितो असं दिसलं म्हणून पेन हिसकावला. अक्षर लागलं नाई तर मयुरीले दाखव. नाई, नको दाखवू, लेकराले कशाले.

तुहं पत्र दोनदा वाचलं. एका जागी लिहिते का डॉक्टरले सांगितलं, बाहेरून पक्षी कोणीच आणला नाई. खाली लिहिते का कमळाबाईनं आणलेला कोंबडा डालग्याखाली झाकला. मंग तो कोंबडा काय मोहाच्या झाडाले लागला होता काय वो?

उष्ट्याचं मी बोलली, कबूल. आमच्या सासूबाई तसंच म्हणत. पण जीपमधून उतरल्यावर मी आणखीही काही बोलली होती, ते तुह्या पत्रात कुठी आहे? मी म्हटलं, "गिरजे, हा रस्ताभर हिरवं पाणी हगला. बाजारात त्या बाईची बाकीची पाखरंही गुंगून होती, मी घाईत नीट पाहिलं नाई. झिंगूभाऊ संध्याकाळी वापस जाते, मी याले घेऊन जाते." आन् तू काय म्हटलं? "जीपच्या गरमीनं थकला असेल. मायले द्यायचा मंगळवार चुकवायचा नाई." पशुसखी तू का मी? ट्रेनिंग कोणाचं झालं? मले वाटलं, हिले जास्त समजते.

मांडवात बोलली ते बोलली. का बोलली तेही ऐकून घे. तिथी बाया विचारत होत्या का पळसटोल्यात मर कशानं आली. माह्या डोळ्यापुढे तोच कोंबडा आला. तुहं नाव घेतलं नसतं तर माहं घ्यावं लागत होतं. घे, सांगून टाकलं. आता कर काय करायचं ते.

पण सोमारीचं काय केलं तू? आपल्या माहेरी डोंगरावरच्या म्हातारीले लोकांनी चेटकीण म्हणून गावाबाहेर काढली होती, तिची भांडी नाल्यात फेकली होती, आठवते काय? तू आठ वर्षांची होती. कोठीत लपून रडली. त्याचीही सुरुवात टोपल्या उचलण्यातूनच झाली होती. आन् तू लिहिते, "मी तरी काय करू"? लाज वाटू दे.

मी लस लावणार नाई. जिच्या हातून लावायची, ते खरं बोलते का नाई हेच मले माहीत नाई. आधी तू तोंड उघड, मंग माही अक्कल काढ.

कमळा


१९ मे २०२५, सोमवार

बाई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तुहं पत्र वाचलं तेव्हा पहिले फाडून चुलीत घातलं. मंग दिवसभर तुह्यावर चिडचिड केली, मयुरीवर ओरडली, तिचा बाबा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलला तर त्याचं ताट उचलून नेलं. तो म्हणे, "अवो, मी जेवून तर राह्यलो!" इतका राग आला होता. खोटा असता तर इतका आला नसता.

तुले जे माहीत आहे ते तर आहेच. जे माहीत नाई ते लिहिते.

त्या रविवारी पहाटे मी डालगं उचललं तर कोंबडा एका अंगावर बसून होता. चोचीतून लाळेची तार गळत होती. मी त्याले मांडीवर घेतलं, लसणाचं पाणी बोटानं पाजलं, चोच पदरानं पुसली. बाहेर उजाडत होतं. बर्फ वितळत होता. मी उठली, डबा घेतला आन् पहिल्या घरी गेली. पहिलं घर सोमारीचं. तोच पदर, तेच हात. सतराही पाखरं मी त्याच हातानं धरली, आन् तिथून पुढे टोलाभर.

बिमार पाखराले हात लावला तर साबणानं हात धुवायचे, लुगडं बदलायचं, त्या दिवशी दुसऱ्याच्या खुराड्याले शिवायचं नाई, हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः बायाले शिकवते, बोट दाखवून दाखवून. मले सारं समजत होतं, बाई. पण डॉक्टर साहेबाले फोन केला असता तर त्यांनी लस थांबवली असती आन् कोंबडा उचलून नेला असता. मंगळवार गेला असता. मयुरी घरी येऊन पंधरा दिवस झाले होते, आदल्या संध्याकाळी तिचा गुडघा पुन्हा दुखून राह्यला होता. मी म्हटलं, दोन दिवस. दोनच दिवस जाऊ दे.

मंगळवारी कोंबडा मातामायले दिला. मान उचलत नव्हता. मयुरीचे बाबा म्हणाले, "किती गरीब कोंबडा आहे, धडपडतही नाई." मी खाली मान घालून हात जोडले. सुईनं उष्टा होऊ नये म्हणून जपला, आन् मरायले टेकलेला देवाले दिला. थू माह्या जिंदगीवर.

काल सभा झाली, शाळेच्या व्हरांड्यात. दोन्ही टोले जमले. सोमारीबाई पायरीजवळ उभी होती, तिच्या आजूबाजूले चार हात जागा मोकळी. मी उभी राहून सगळं सांगितलं, वर लिहिलं तसंच. तुहं नाव घेतलं नाई, "बाजारातून आला" एवढंच म्हटलं. ते तुह्यावरच्या प्रेमानं नाई. तुहं नाव घेतलं असतं तर अर्धा दोष तुह्याकडे गेला असता, आन् मले तो पुरा पाहिजे होता.

माहं बोलणं संपलं. मंग एकदम सगळे. "तुह्या पोरीसाठी आमची खुराडी रिकामी केली!" "नर्स म्हणे!" एकीनं पायातली वहाण काढली होती, तिच्या नवऱ्यानं हात धरला. ते मले चाललं. मी त्याच्यासाठीच उभी होती.

पण त्याच्यापुढचं ऐक, मंग तुले समजेल का मी अजून काऊन धुमसत आहो. सुकलूभाऊ उठले. मातामायचं सारं तेच पाहतात, त्यांचा शब्द गाव मानते. म्हणाले, "झालं, समजलं. बिमार कोंबडा दिला म्हणून माय कोपली. आता बाजारातून नवा, धडधाकट कोंबडा आणून द्या, म्हणजे मिटलं." आन् सगळ्यांनी माना हलवल्या! बाई, मी तासभर घसा कोरडा केला होता का बाजारातल्या कोंबड्यानं रोग आणला, आन् हे निघाले पुन्हा बाजारात!

मी तिथीच बोंबलली. म्हटलं, "भाऊ, आणाल तर माह्या अंगावरून आणाल. तो बिमार कोंबडा माह्या अंगणात पाच दिवस होता. माह्या कोंबड्या त्याच्या भोवती हिंडल्या, त्याचं पाणी प्यायल्या. एकीलेही शिंक आली नाई, काऊन? लस होती म्हणून! मायले द्यायचा तर माह्या खुराड्यातला द्या." सुकलूभाऊ म्हणाले, "तुहे उष्टे आहेत, चालत नाई."

तेव्हा पायरीजवळून सोमारीबाई बोलली. आवाज चढवला नाई तिनं. म्हणाली, "सुकलू, हिच्या पोरीले दवाखान्यात सुयाच सुया टोचल्या. दुसऱ्याचं रक्तही दिलं. घरी आल्यावर तूच तिले मायच्या पाया पाडलं, कपाळाले शेंदूर लावला. ते पोरगी उष्टी आहे काय? असेल तर सांग, तिच्या तोंडावर सांग."

मयुरी माह्या बाजूलेच बसून होती. सुकलूभाऊनं तिच्याकडे पाहिलं आन् खाली बसले.

मंग वरच्या टोल्यातली अन्नपूर्णा उठली. ते कशी आहे तुले माहीत आहे, तिले वाट पाहणं जमत नाई. म्हणे, "मले एवढं समजलं का गिरजाच्या कोंबड्या उष्ट्या होत्या, म्हणून रोगानं त्याले तोंड लावलं नाई. उष्टं रोगही खात नसेल. मंग आमच्याही उष्ट्या करून द्या न, उद्याच्या उद्या!" सगळा व्हरांडा हसला. मले हसू का डोकं आपटू समजेना. दोन वर्षं मी यायले लस म्हणजे काय ते समजावून राह्यली, चित्रं दाखवली, आन् पटलं ते असं. पण पटलं. आज पहाटे वरच्या टोल्यात लस लागली.

मी नाई लावली. सभा संपल्यावर मी डॉक्टर साहेबाले फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी किती घरं, किती पाखरं ते विचारलं. मंग म्हणाले, "डबा उद्या दुसऱ्या गावच्या पशुसखीकडे, रिंकूकडे द्या. तुमचं काम सध्या बंद." सध्या म्हणाले, पण मले आवाज समजते. पहाटे अंधारातच रिंकूनं डबा नेला. मी दारातून पाहत होती.

आता तुहं. राग गेला असं समजू नको. तू मांडवात बोलली ते मी विसरणार नाई, आन् तूही विसरू नको. पण लस लावून घे. माह्या हातची नको तर दुसऱ्या कोणाची, पण लावून घे. आधी एकूण एक पाखरू उचलून पाहजो. एकही मान टाकून असेल, एकही हिरवं हगत असेल, तर त्या दिवशी कोणाले खुराड्याले हात लावू देऊ नको, मी म्हटलं तरी नाई. आन् बाजारातून पाखरू आणलं तर पंधरा दिवस दूर बांधून ठेवजो, देवाचं असलं तरी.

सोमारीबाईचं सांगायचं राह्यलं. लांबवत होती, तुले समजलंच असेल. सभा उठल्यावर बाया तिच्याशी बोलायले गेल्या, एकीनं तर म्हटलं, उद्या तलावावर आमच्यासंग चाल. ती थांबली नाई, सरळ घराकडे निघाली. मी मागे मागे तिच्या दारापर्यंत गेली. तिनं कवाड अर्धं लावलं आन् मधूनच म्हणाली, "तू खरं बोलली, चांगलं केलं. पण ते गावाले बोलली. मले तू अजून काहीच बोलली नाई, गिरजे." आन् कवाड लावून घेतलं.

खरंच आहे. मी तिले हात धरून उठवलं होतं, जबाबदारी माही म्हटलं होतं, मंग तिच्याच खुराड्यावर बोट दाखवलं. लोकानं तिले काय काय म्हटलं ते ऐकत राह्यली. आन् काल तासभर बोलली तर सगळ्यायकडे पाहून बोलली, एक तिच्याकडे सोडून.

झिंगूभाऊ बाहेर हॉर्न वाजवून राह्यले. पत्र त्यांच्या हाती देते आन् तशीच तिच्या दारात जाते. रात्रभर विचार केला, पण काय बोलायचं ते सुचलं नाई. कवाड उघडेपर्यंत बसून राहीन.

जिची जीभ लोकावर चालली आन् आपल्यावर उशिरा चालली, ते
तुही लहान बहीण,
गिरजा